नवीन अंगणवाडी सेविकेचा सगळा वेळ रजिस्टर-मोबाइलमध्येच जातो, शिकवणं मागे पडतं. पर्यवेक्षिकेने काय करावं?

भेटीला गेलात की रजिस्टर शेवटी मागा. आधी अर्धा-पाऊण तास मुलांत बसा, एक कृती स्वतः घेऊन दाखवा. नुसत्या सूचनांनी काही होत नाही. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवरची हजेरी मुलं जमल्याबरोबर, बाकी नोंदी आहार वाटपानंतर. रेंज नाही म्हणून वर्ग अडवू नये.

3 ते 6 वर्षांची मुलं एकत्रच असतात, म्हणून सामान एक, काम वेगळं: धाकट्यांनी चिंचोके या वाटीतून त्या वाटीत टाकायचे, मोठ्यांनी पाच-पाच मोजायचे. (तोंडात घालतात, नजर हवी!)

मेळघाटात घरची बोली कोरकू असेल, तर गाणी-गोष्टी कोरकू येणाऱ्या मदतनीसताईंकडे द्या. कापूस वेचणीत आया सकाळीच वावरात जातात, हजेरी घसरते. त्याबद्दल सेविकेला बोल लावण्यापेक्षा घरी असलेल्या आजीला गाठा.