वाचकांचे प्रश्न : लेट्यूसची रोपे आणि नाशिकचे ऊन

प्रश्न : आमच्या घरी पूर्वापार कांदा होतो, त्यामुळे रोप टाकणे आणि लावणे आम्हांला नवे नाही. यंदा घरापुरते लेट्यूस करावे म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये बी टाकले, त्यावर अर्धा इंच माती पसरली आणि भरपूर ऊन मिळावे म्हणून ट्रे गच्चीवर ठेवले. उगवण फारच थोडी झाली. जी रोपे आली ती कांद्याप्रमाणेच उपटून सकाळी उशिरा वाफ्यात लावली, तर दोन दिवसांत त्यांनी माना टाकल्या. बियाणे खराब होते, की आपल्याकडे हे पीक येतच नाही?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : नाशिक जिल्ह्यातील हिवाळा लेट्यूसला अतिशय मानवतो, आणि आपण दिलेल्या तपशिलावरून बियाण्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. लेट्यूसचे बी साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात उत्तम उगवते. ओले झालेले बी तीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापले, तर बहुतेक जातींमध्ये ते जिवंत असूनही उगवणे थांबवते आणि पुढे हवा थंड झाली तरी लगेच जागे होत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवरचा काळा प्लॅस्टिकचा ट्रे हवेपेक्षाही अधिक तापतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या ट्रेमध्ये काय घडले असावे याचा उलगडा होतो.

मातीचा थर हे दुसरे कारण. लेट्यूसच्या अनेक जातींच्या बियांना उगवण्यासाठी प्रकाशाचा स्पर्श लागतो. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ या लेट्यूसच्या जातीवर प्रयोग करून दाखवले, की तांबड्या प्रकाशाने बी उगवते आणि त्यानंतर अतिरक्त, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, प्रकाश दिला तर ती उगवण पुन्हा रोखली जाते. वनस्पतींमधील प्रकाश ओळखणाऱ्या फायटोक्रोम या द्रव्याचा शोध याच कामातून पुढे लागला. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा, की बी चाळलेल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) किंवा गांडूळखतावर ठेवून हलके दाबावे आणि वरून जेमतेम झाकेल एवढाच, म्हणजे तीन-चार मिलिमीटरचा, भुसभुशीत थर द्यावा.

पेरणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, रात्री गार होऊ लागल्यावर करावी, आणि तीही संध्याकाळी, कारण बी पाणी शोषून घेते ते सुरुवातीचे तास सर्वांत नाजूक असतात आणि ते रात्रीच्या गारव्यात गेलेले बरे. अधिक लवकर पेरायचे असेल, तर बी ओलसर कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, ठेवावे आणि मग पेरावे. ट्रे सावलीत ठेवावा. मात्र अंकुर दिसताच तो भरपूर उजेडात आणावा, नाहीतर रोपे लांबट आणि लुळी होतात. पाणी सकाळी झारीने द्यावे. माध्यम सतत चिंब राहिले, तर रोपे बुडख्याशी सडून कोलमडतात. कांद्याच्या रोपवाटिकेत आपण पाहता तीच ही मर.

आता लावणीविषयी, कारण कांद्याच्या अनुभवाने आपली वाट चुकवली ती इथे. कांद्याचे रोप उपटून, जुड्या बांधून, उघड्या मुळांनी लावले तरी तग धरते; त्याची पाने अरुंद आणि मेणचट असल्यामुळे पाण्याची वाफ कमी होते. लेट्यूसचे पान रुंद, पातळ आणि रसाळ असते, आणि मुळे तुटली की पानांतून जाणारे पाणी भरून काढणे रोपाला शक्य होत नाही. म्हणून लेट्यूसचे रोप मातीच्या गड्ड्यासकटच हलवावे. त्यासाठी कप्प्यांचा ट्रे वापरावा आणि लावणीच्या दोन तास आधी त्याला पाणी द्यावे, म्हणजे गड्डा न फुटता सुटतो.

तीन ते चार आठवड्यांत, चार-पाच खरी पाने (अंकुराच्या पहिल्या जोडपानांनंतरची) आल्यावर रोप लावणीस येते. त्याआधी आठवडाभर त्याला उघड्यावर सरावू द्यावे. पहिल्या दिवशी सकाळचे तासभर ऊन, मग रोज थोडे अधिक, आणि शेवटच्या दोन रात्री बाहेर. ही पायरी वेळखाऊ वाटून अनेक जण टाळतात, पण माझ्या मते बाहेरच्या लावणीचे यश सर्वाधिक हिच्यावरच अवलंबून आहे. लावणी ऊन उतरल्यावर करावी, रोपाचा गाभा मातीत गाडला जाणार नाही याची काळजी घ्यावी, लगेच पाणी द्यावे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कांद्यासारखीच आंबवणी, म्हणजे लावणीनंतरचे दुसरे हलके पाणी, द्यावी. पानांच्या जातींत २० ते २५ सेंटिमीटर, तर आइसबर्गसारख्या पानांचा गड्डा धरणाऱ्या जातींत ३० सेंटिमीटर अंतर पुरते. पहिले चार-पाच दिवस दुपारच्या उन्हापुरते शेडनेटचे छत धरावे आणि वाफ्यात उसाचे पाचट पसरावे. आपल्या तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत काही वर्षी पारा पाच अंशांखाली उतरतो; तशा थंडीच्या रात्री कोवळ्या रोपांवर कापडाचे आच्छादन टाकावे.

प्रश्न : मार्चमध्ये आमच्या लेट्यूसला मधूनच उंच दांडा आला आणि पाने कडू झाली. खत कमी पडले का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : खताचा संबंध नाही. वाढते तापमान आणि मोठे होत जाणारे दिवस मिळाले की लेट्यूस फुलावर येते. कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) येतात ती थंडीमुळे. इथे प्रकार उलटा आहे. दांडा उंचावू लागला की पानांतल्या दुधाळ चिकातील लॅक्ट्युसिनसारखी कडू द्रव्ये वाढतात, आणि तो छाटल्याने पाने पुन्हा गोडसर होत नाहीत. सगळे बी एकाच वेळी न टाकता ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत दर दोन आठवड्यांनी थोडे थोडे पेरावे आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत काढणी आटोपावी. बाहेरची पाने सकाळी लवकर, ती टवटवीत असताना खुडत गेल्यास एकच रोप कित्येक आठवडे पुरते.