शिकारीची .308 रायफल लांब पल्ल्यासाठी सेट करायचीय, आधी नवीन स्कोप (नेमाची दुर्बीण) घेऊ की हँडलोडिंग (घरी स्वतः काडतुसं भरणं) सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की 100 मीटरवर ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) छान येतो पण 600 च्या पुढे गोळ्या वर-खाली पसरतात. माझं मत विचाराल तर अजून काहीच विकत घेऊ नका, आहे तोच स्कोप नीट बसलाय का ते आधी बघा.

अ‍ॅक्शनचे, स्कोप धरणाऱ्या बेसचे, रिंगचे सगळे स्क्रू टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्यालाच आवळा, हाताच्या अंदाजाने नको. मग 100 मीटरवर उंच कागद लावा, ओळंबा धरून त्यावर उभी रेघ मारा, तळाच्या टिपक्यावर एक ग्रुप मारा, स्कोपवर 10 मिल (1 मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेमी) चढवा आणि नेम त्याच टिपक्यावर ठेवून परत मारा. दुसरा ग्रुप पहिल्याच्या बरोबर 1 मीटर वर पडायला हवा. 97 सेमीवरच पडला तर क्लिक (स्कोपच्या चकतीचे टप्पे) खोटे आहेत, आणि तो फरक कितीही चांगल्या काडतुसांनी भरून निघत नाही. स्कोपवर छोटी लेव्हलही (बुडबुड्याची पातळी) लावा, कारण नेम धरताना रायफल 3 अंश जरी कलली तरी 800 मीटरवर गोळी 40 सेमीच्या आसपास बाजूला जाते आणि आपण दोष वाऱ्याला देतो.

हे सगळं ठीक निघालं तर मग हँडलोडिंग, आणि ते नक्की करा, कारण तुमचा वर-खाली पसारा बहुतेक वेगातल्या फरकाचाच असणार. 175 ग्रेनची (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं माप) मॅच, म्हणजे स्पर्धेची, बुलेट साधारण 790 मीटर प्रतिसेकंदाने निघते असं धरा, तर दोन काडतुसांत नुसता 10 मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला तरी 800 मीटरवर उंचीत 20 सेमीच्या आसपास फरक दिसतो, आणि 100 मीटरवर तोच फरक कळतसुद्धा नाही! म्हणून 100 च्या सुंदर ग्रुपवर भरवसा ठेवू नका, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) घ्या किंवा कुणाचा मागून आणा. केस (काडतुसाची पितळी कवचं) एकाच कंपनीच्या एकाच लॉटच्या वापरा, साइझ करताना (वापरलेली केस साच्यात दाबून परत मापात आणताना) शोल्डर (मानेखालचा उतार) 0.05 मिमीपेक्षा जास्त मागे ढकलू नका, पावडर प्रत्येक केससाठी काट्यावर वजन करून टाका. बुलेट रायफलिंगच्या (नळीतल्या पिळाच्या खाचांच्या) किती जवळ ठेवायची यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण शिकारीच्या रायफलचं मॅगझिन आखूड असतं, त्यात बसेल तेवढी लांबी ठेवा आणि पुढे चला. बॅरलही पातळ असतं, लागोपाठ मारलं की तापून ग्रुप सरकतो, तेव्हा थंड होऊ द्या आणि 3 गोळ्यांच्या ग्रुपवरून ठरवू नका, 10 तरी मारा.

पावडरचा आकडा मी मुद्दाम देत नाहीये, तो पावडर किंवा बुलेट कंपनीच्या डेटामधूनच घ्या, सगळ्यात कमी चार्जपासून (पावडरच्या वजनापासून) सुरू करा आणि थोडा थोडा वाढवा. बोल्ट उचलायला जड जायला लागला, प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगीची टोपी) सपाट दिसायला लागले किंवा केसच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला की तिथेच थांबून मागे या. थंडीत ठरवलेला लोड उन्हात परत तपासा कारण गरम पावडरने दाब वाढतो. आणि टेबलावर एका वेळी पावडरची एकच बाटली, यात कधीच सूट नाही.

वारा मात्र यातल्या कशानेच सुटत नाही. 800 मीटरवर आडव्या वाऱ्याचा अंदाज 1 मीटर प्रतिसेकंदाने चुकला की गोळी 40 सेमीच्या आसपास सरकते, म्हणजे वेगातल्या त्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे उरलेले पैसे सामानापेक्षा वाऱ्यात सराव करण्यावर घाला.

कागदावर किंवा लोखंडी प्लेटवर 800 खुशाल मारा, जनावरावर नको, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. बऱ्याच शिकारी बुलेटना उघडायला साधारण 550 मीटर प्रतिसेकंद वेग लागतो, .308 चा वेग 450 मीटरच्या आसपासच त्याखाली जातो. शिवाय 800 मीटर कापायला गोळीला जवळपास दीड सेकंद लागतो, तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल पुढे गेलं तर खांद्याचा नेम पोटात लागतो.