डेस्कटॉप रिकामा दिसला म्हणून फॉरमॅट मारू नका

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात विंडोज ११चा कॉम्प्युटर आहे. मेंटेनन्सची बिलं काढायचं नवं सॉफ्टवेअर टाकून रीस्टार्ट केलं, तर डेस्कटॉपवरचं सगळं नाहीसं! रिसायकल बिन आणि त्या सॉफ्टवेअरचा आयकॉन तेवढा उरलाय. मागचं गणपतीचं चित्र जाऊन निळं चित्र आलंय. सभासदांची यादी, पावत्या डेस्कटॉपवरच होत्या. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल.
– सेक्रेटरी, ठाणे (प.)

उत्तर : फॉरमॅट मारू देऊ नका. यादी आणि पावत्या बहुतेक जागच्या जागी आहेत. कॉम्प्युटर तुम्हाला दुसराच डेस्कटॉप दाखवतोय.

डेस्कटॉप दिसायला एक असला तरी त्यामागे दोन फोल्डर असतात. एक तुमच्या खात्याचं आणि दुसरं 'पब्लिक' नावाचं, सगळ्या खात्यांना सामाईक. सॉफ्टवेअर सर्व युजर्ससाठी टाकलं की त्याचा आयकॉन सहसा पब्लिकमध्ये जातो. तुम्हाला तोच तेवढा दिसतोय आणि चित्रही बदललंय, म्हणजे तुमचं खातं नीट उघडलेलंच नाही. लॉगिन होताना खात्याची सेटिंग्जची फाइल अँटिव्हायरससारख्या एखाद्या प्रोग्रामने अडवून धरली किंवा ती खराब झाली, की विंडोज तात्पुरतं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या खात्याऐवजी एक कोरं, कामचलाऊ खातं उघडतं. स्टार्ट मेनूत नाव तुमचंच दिसतं, म्हणून पटकन लक्षात येत नाही.

धोका इथेच आहे. या तात्पुरत्या डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं साइन आउट केलं की पुसलं जातं. तेव्हा डेस्कटॉप रिकामा झाल्यानंतर काढलेल्या बिलांच्या पीडीएफ तिथे असतील तर आधी पेनड्राइव्हवर घ्या.

मग फाइल एक्स्प्लोररमधून सी ड्राइव्ह आणि त्यात युजर्स उघडा. 'टेम्प' नावाचं फोल्डर दिसलं की निदान पक्कं. शेजारीच तुमच्या खात्याचं फोल्डर असेल. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्याचं नाव बऱ्याचदा ईमेलची पहिली पाच अक्षरं एवढंच असतं. परवानगी मागितली तर 'कंटिन्यू' दाबा. आतलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स पेनड्राइव्हवर कॉपी करा, कट नको. दोन-तीन पावत्या पेनड्राइव्हवरून उघडूनही बघा.

आता रीस्टार्ट करा. शट डाउन करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, नव्याने सुरू होत नाही. दोन-तीन रीस्टार्टमध्ये जुना डेस्कटॉप बऱ्याचदा परत येतो. नाहीच आला, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, दुरुस्ती करता येते, पण तिथे हात चुकला तर खातंच उघडणार नाही. त्यापेक्षा सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समधून नवं खातं काढा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा आणि फायली तिथे ठेवा. बिलांच्या सॉफ्टवेअरचा आयकॉन पब्लिकमध्ये असल्याने नव्या खात्यातही दिसेल.

ज्यांचं चित्र तेच आहे आणि फक्त फायली गेल्या आहेत, त्यांनी युजर्समधल्या आपल्या फोल्डरात वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीचं फोल्डर) आणि त्याच्या आतलं डेस्कटॉप उघडावं. वनड्राइव्हवर डेस्कटॉपचा बॅकअप चालू करून मग बंद केला की फायली बऱ्याचदा तिथेच राहतात आणि समोर रिकामा डेस्कटॉप येतो.

प्रश्न : माझ्याकडे तर रिसायकल बिनसुद्धा दिसत नाही.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : रिकाम्या जागी राइट क्लिक, व्ह्यू, आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वर खूण करा. राइट क्लिकच होत नसेल आणि खालचा टास्कबारही गायब असेल, तर एक्स्प्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्राम, बंद पडलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, 'रन न्यू टास्क' निवडा, explorer असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा.