फ्रान्सची अमेली मॉरेस्मो टेनिस खेळाडू म्हणून मोठी होतीच, पण कोच म्हणून तिचा उगाच उदोउदो झाला का?

उगाच नाही, असं माझं मत. फक्त त्यासाठी आधी तिचा खेळ आठवावा लागतो.

१९९९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये १९ वर्षांच्या या बिगरमानांकित मुलीने तेव्हाच्या नंबर वन लिंडसे डेव्हनपोर्टला सेमीफायनलमध्ये हरवलं आणि त्याच स्पर्धेत आपण समलिंगी असल्याचं सरळ सांगून टाकलं. लगेच तिच्या पिळदार खांद्यांवरून शेरेबाजी सुरू झाली. मार्टिना हिंगिस तर तिला 'अर्धा पुरुष' म्हणाली, आणि वर फायनलही जिंकून गेली.

पुढे वर्षानुवर्षं एकच टीका: मोक्याच्या क्षणी ही कच खाते. त्यात तथ्य होतं. २००४ मध्ये ती नंबर वन झाली तेव्हा नावावर एकही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही विजेतेपद, नव्हतं. घरच्या फ्रेंच ओपनमध्ये तर ती क्वार्टरफायनलच्या पुढे कधीच गेली नाही. २००६ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, पण जस्टिन एनाँने फायनल अर्ध्यावर सोडली, म्हणून तिथेही कुरकुर. त्याच वर्षी विम्बल्डन फायनलला पुन्हा एनाँ. पहिला सेट २-६ असा गेला. तरी मॉरेस्मो सर्व्हिस करून नेटवर धावत राहिली आणि पुढचे दोन्ही सेट ६-३, ६-४ घेतले. ही मॅच मिळाली तर जरूर बघा.

मनातल्या भीतीशी इतकं झगडलेला माणूस दुसऱ्याची भीती ओळखतो. ब्रिटनच्या अँडी मरेने २०१४ मध्ये तिला नेमलं ते यासाठीच असावं. पाठीच्या ऑपरेशननंतर तो चाचपडत होता. त्या वर्षाअखेरीस फेडररने त्याला ६-०, ६-१ असं धुतल्यावर सगळं खापर तिच्यावर फुटलं (पुरुष कोचचं असं होत नाही, बरं का). दोनच महिन्यांत मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, बर्डिचला सेमीफायनलमध्ये हरवून मरेने कोर्टवरच सुनावलं की बायकाही उत्तम कोच असू शकतात. २०१५ मध्येच त्याने क्ले कोर्टवरचं (मातीच्या कोर्टवरचं) पहिलं विजेतेपद म्युनिकला मिळवलं, आणि लगोलग माद्रिदच्या फायनलमध्ये क्लेचा बादशहा नदालला हरवलं, तेही क्लेवर! दोघांच्या काळात ग्रँड स्लॅम मात्र आलं नाही, हे खरं.

नंतर फ्रान्सचा लुका पुईही तिच्या हाताखाली २०१९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची सेमीफायनल खेळला.

मला खटकतं ते वेगळंच. फ्रेंच ओपनची संचालक म्हणून २०२२ मध्ये तिने रात्रीच्या १० सामन्यांत महिलांचा एकच ठेवला, आणि वर पुरुषांचं टेनिस सध्या जास्त आकर्षक आहे म्हणाली. नंतर माफी मागितली, पण हे तिच्याकडून अपेक्षित नव्हतं.