नाशिकला आई-वडिलांना आणायचंय, फ्लॅट निवडताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की वडील 72 वर्षांचे, आई 68 ची, आणि इंदिरानगरला बिनलिफ्टचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय. माझं स्पष्ट मत, तो घेऊ नका. कुणाला न विचारता, आपल्या पायांनी रोज खाली उतरता येणं, यावरच त्यांचं पुढचं सगळं अवलंबून आहे.

गुडघे दुखायला लागले की आधी संध्याकाळची फेरी बंद होते, मग देऊळ, मग भाजी आणणं. चालणं थांबलं की मांड्यांची ताकद झपाट्याने जाते, तोल सांभाळत नाही आणि माणूस घरातल्या घरात पडतो. तळमजला बघा, नाहीतर जनरेटरवर चालणारी लिफ्ट. गेटपासून जॉगिंग ट्रॅक किंवा देवळापर्यंत स्वतः चालून बघा: वाटेत टेकायला कट्टा आहे का, मोठा रस्ता ओलांडावा लागतो का. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे पाचला फिरायला जायची गावची सवय सोडायला लावा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं; ऊन पडल्यावर जाऊ द्या.

सगळ्यात जास्त लक्ष बाथरूमकडे द्या. तोल गेला की हात टॉवेलच्या दांडीवर जातो, आणि ती माणसाचं वजन पेलत नाही, स्क्रूसकट उपटून येते. कमोडशेजारी आणि नळाजवळ दीड इंची स्टीलचा ग्रॅब बार (आधाराला धरायचा भक्कम दांडा) जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर बसवा. टाइल ठोकून बघा. पोकळ वाजली तर तिथे नको. बोल्ट टाइलमागच्या भिंतीत खोल गेला पाहिजे. कमोडची सीट साधारण 18 इंचांवर असली की उठताना गुडघ्यांवर कमी ताण येतो. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे झटकन उठल्यावर चक्कर येते. रात्री उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसायचं, आणि वाटेत छोटा दिवा चालू ठेवायचा.

कान तपासून घ्या, आधी मळ आणि मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची मशीनवरची तपासणी. ऐकू येईनासं झालं की माणसं गप्पांतून हळूहळू बाजूला होतात, आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

वडील सत्तरीपुढचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, म्हणजे सत्तरी पूर्ण झालेल्यांसाठीचं सरकारी मोफत उपचारांचं कार्ड. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. आईला अजून दोन वर्षं थांबावं लागेल. एसटीत दोघांनाही अर्धं तिकीट आहे, तेव्हा गावी जाणं-येणं तोडू नका. आणि वडिलांच्या खात्याचं एटीएम कार्ड त्यांच्याच खिशात राहू द्या. नातवाला पेरू घ्यायला त्यांना तुमच्याकडे पैसे मागायला लागू नयेत.