राम लिहायला जे-के-ई

प्रश्न : ताई, वय ४१. इंदूरला राजवाड्याच्या मागे एका छपाईच्या दुकानात १७ वर्षं डीटीपी करतो आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शोकसंदेश, सगळं. पूर्वी तुळशीचं लग्न लागलं की रात्री एकपर्यंत मशीन बंद व्हायची नाही. आता लोक मोबाइलवरच पत्रिका करून पाठवतात आणि देवापुढे ठेवायला म्हणून ५० छापून नेतात. वेब प्रोग्रामिंग शिकावं म्हणतो. भंवरकुआंवरचा एक क्लास सहा महिन्यांचे ७० हजार मागतो, नोकरीची हमी देतो. मी बी.कॉम., इंग्रजी बेताचं, कोडिंगचा गंध नाही. बायको म्हणते, या वयात हे काय खूळ. नोकरी सोडून पूर्ण वेळ शिकू का? – एक वाचक, रामबाग

उत्तर : नोकरी सोडू नका, दादा. ७० हजार तर मुळीच भरू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

मी सियागंजात एका मसाल्याच्या पेढीवर ११ वर्षं खाती लिहिली. हळदीच्या धुळीत शिंकत जमा-नावे जुळवायचे. वयाच्या पस्तिशीत, घरची निजानीज झाल्यावर, पहिलं वेबपान केलं. नोटपॅडमध्ये ‘नमस्कार इंदूर’ टाइप केलं, सेव्ह केलं, ब्राउझरमध्ये उघडलं, तर समोर ओळीनं प्रश्नचिन्हं. मला वाटलं, संगणकच विचारतोय, बाई, तुमचं इथे काय काम? दोन रात्री गेल्या तेव्हा कळलं की जुन्या विंडोजवरचं नोटपॅड फाईल ‘आन्सी’ पद्धतीनं सेव्ह करतं आणि तिथे देवनागरीला जागाच नसते. सेव्ह करताना खालच्या चौकटीत यूटीएफ-८ निवडायचं, त्यात सगळ्या लिप्या मावतात, एवढंच. २०१९पासूनच्या विंडोज १०मध्ये नोटपॅड आपणहून तेच धरतं. पण तुमच्या दुकानातला संगणक पानं जुळवायचा जुना पेजमेकर चालावा म्हणून अजून जुन्याच विंडोजवर असणार, पैज लावते.

आता तुमच्या धंद्यातली गोष्ट. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये ‘राम’ लिहायला तुम्ही जे, के, ई या कळा दाबता. फाईलमध्ये तीच तीन इंग्रजी अक्षरं जाऊन बसतात. फॉन्ट त्यांना र, काना आणि म यांचे कपडे चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की कपडे उतरतात. पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा तुम्ही तेव्हा पाहिलाच असेल. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत र ला स्वतःचा क्रमांक आहे, म ला स्वतःचा. फॉन्ट कुठलाही लावा, आत राम तो रामच. वेबवर युनिकोडच चालतं, कारण शोधणाऱ्या गूगलला जे-के-ईमध्ये राम दिसत नाही.

हे नीट समजलं असेल तर वेबचं मूळ सूत्र तुम्हाला कळलं : मजकूर वेगळा, त्याचं रूप वेगळं. एचटीएमएल सांगतं की हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. सीएसएस सांगतं की मथळा कुंकवाच्या रंगाचा, एवढा मोठा, खाली एवढी जागा. पेजमेकरात स्टाइल्स ठरवून काम करत असाल तर सीएसएस तुम्हाला ओळखीचं वाटेल. प्रत्येक मथळा हातानं मोठा करत असाल (१७ वर्षांत अशी बरीच मंडळी पाहिली असतील तुम्ही), तर ती सवय आधी मोडा.

अडणार कुठे, तर कागदापाशी. पाच बाय सातची पत्रिका म्हणजे पाच बाय सातच. वेबपानाला माप नसतं. तेच पान कुणी हातातल्या फोनवर बघतो, कुणी टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर. डीटीपीवाल्याचा हात मिलिमीटरवर जातो आणि पान फोनवर फुटतं. रुंदी टक्क्यांत द्यायला शिका, आणि ‘व्ह्यूपोर्ट’ची, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीएवढं धरायला सांगणारी, एक ओळ पानाच्या डोक्यात टाकायला विसरू नका, ती नसली तर बहुतेक फोन पान ९८० पिक्सेल रुंद समजून आक्रसून दाखवतात आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. माझ्या पेढीच्या भावपत्रकाचं तेच झालं होतं. शेठ म्हणाले, ‘बेन, ये तो चश्मे में भी नहीं दिख रहा.’ दुरुस्त करून दिल्यावर मजुरी म्हणून दोन किलो धने मिळाले. पहिली कमाई ती.

मग जावास्क्रिप्ट, वेबपानाकडून कामं करून घेणारी भाषा. खरं प्रोग्रामिंग इथून सुरू होतं आणि माणसं गळतात तीही इथेच. मी दोनदा सोडून दिलं होतं. लिफाफ्यांवर चारशे पाहुण्यांची नावं छापताना यादी एकच, साचा एकच, फक्त नाव बदलत जातं, बरोबर? त्यालाच लूप म्हणतात. ‘आहेराची सक्ती नाही’ ही ओळ फक्त वरपक्षाच्या पत्रिकेवर घ्यायची, ही झाली अट, म्हणजे इफ. पुस्तकातली उदाहरणं सोडा आणि असल्याच गोष्टी लिहून बघा. आणखी एक, तुम्हाला चुका पकडायची सवय आहे. मामांच्या नावातला एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला म्हणून पाचशे पत्रिका पुन्हा छापल्या असतील कधीतरी. संगणक त्या मामांपेक्षाही हट्टी आहे, एक कंस राहिला तरी रुसतो. पण कुठल्या ओळीवर रुसला ते तांबड्या अक्षरांत सांगतो तरी.

क्लासबद्दल. तिथल्या गुरुजींना विचारा की जावा आणि जावास्क्रिप्ट यांचं नातं काय. ‘धाकटा भाऊ’ असं उत्तर आलं तर उठून या. जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत दहा दिवसांत उभी केली. जावाचा तेव्हा बोलबाला होता म्हणून नाव तसं ठेवलं, बाकी दोन्ही भाषा वेगळ्या. आणि हमीचा कागद हातात घेऊन वाचा, ‘नोकरी मिळवण्यास साहाय्य’ असे शब्द निघाले तर ती हमी नव्हे. मोझिलाचं एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या वेबसाइटांवर हेच शिकता येतं, दोन्ही फुकट आहेत. इंग्रजीची धास्ती नको. कोरलड्रॉचे मेनू काय मराठीत होते? रोज लागणारे टॅग, म्हणजे एचटीएमएलच्या खुणा, पंचवीस-तीस, आणि चुकांचे निरोपही फिरून फिरून तेच येतात.

वेळ? रोज एक तास दिलात तर एचटीएमएल-सीएसएसला तीन महिने, जावास्क्रिप्टला पुढचे सात-आठ. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांच्या मोठ्या इमारतींकडे बघून उसासे टाकू नका, तिथली भरती बरीचशी कॉलेजातून निघालेल्या पोरांची असते. तुमच्याकडे जे आहे ते त्या पोरांकडे नाही : १७ वर्षांची गिऱ्हाइकं. ज्या मंगल कार्यालयाचं बिलबुक तुम्ही छापता, त्याचं पान तुम्हीच करा. मिठाईवाला, पॅथॉलॉजीवाला, शिकवण्या घेणाऱ्या बाई, सगळ्यांचे फोन नंबर तुमच्या वहीत आहेत. अशी चार-पाच पानं हातात असली की लहान कंपनीत दाखवायलाही तीच उपयोगी पडतात. वहिनींना पहिल्या पानाचे पैसे आल्यावर समजवा, आधी नको.

या महिन्यात एवढंच करा. एखादी जुनी पत्रिका काढा, नावं बदला आणि मजकूर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करा. रेमिंग्टन मांडणीचा, म्हणजे कृतिदेवसारख्याच कळांचा, युनिकोड कीबोर्ड मिळतो, बोटांना पुन्हा शाळेत घालावं लागत नाही. फाईलला ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ नाव देताना नोटपॅड गुपचूप मागे ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतं, तेवढं बघा. मग ती पत्रिका फोनवरही वाचता येईल आणि मोठ्या स्क्रीनवरही, अशी करा. झालं की स्क्रीनचा फोटो नको, फाईलच पाठवा. प्रश्नचिन्हं आली तरी पाठवा, माझ्या ओळखीची आहेत ती.