'म' दाखवला की 'मगर' म्हणते: जरा लांबलेलं उत्तर

तुमची साडेतीन वर्षांची लेक 'म' दाखवला की 'मगर' म्हणते, 'भ' दाखवला तरी 'मगर'च म्हणते आणि टिंबांवरून गिरवायला दिलं की पेन्सिल भिरकावते, हे वाचून आमचेच दिवस आठवले.

आधी एक करून बघा. तक्त्यावरच्या चित्रावर अंगठा ठेवा आणि नुसतं अक्षर विचारा. आमचे चिरंजीव तेवढ्यावर गप्प व्हायचे आणि माझा अंगठा बाजूला सारायला बघायचे. चित्र ओळखीचं होतं, शेजारचं अक्षर म्हणजे नुसती नक्षी! तक्ता काही दिवस भिंतीवरून उतरवाच.

सुरुवात आवाजापासून करा. ओठ मिटून 'म्म्म्' करायला सांगायचं आणि मध्येच तिचं नाक हलकेच चिमटीत धरायचं. आवाज बंद! 'म' नाकातून येतो, हे समजावून सांगावं लागत नाही. मग तिला तुमचं नाक धरू द्या. त्यानंतर घरभर 'म्म्म्'च्या वस्तू शोधा: मोजा, माळ, मेणबत्ती. काना-मात्रा आत्ता मध्ये आणू नका, सध्या फक्त कान तयार होतोय.

मग अक्षर. पॉलिश पेपरचा तळहाताएवढा 'म' कापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि तर्जनी-मधलं बोट मिळून त्यावरून फिरवायला लावा, तोंडाने 'म' म्हणत. ही मॉन्टेसरी पद्धत, शंभरहून अधिक वर्षं जुनी. तिच्यातल्या तीन पायऱ्या पाळा. 'हा म.' मग दोन-तीन अक्षरांत 'म कुठाय? तो उशीखाली लपव.' आणि अगदी शेवटी 'हा कोणता?' बहुतेक जण थेट तिसरीवर उडी मारतात. तिथे अडली तर चूक काढू नका, गुपचूप मागच्या पायरीवर या. जमिनीवर खडूने भलामोठा 'म' काढून त्यावर गाडी फिरवणं, वाळूत बोटाने काढणं, हे सगळं चालतं.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते बालवाडीने. नाव घेत नाही. रोज टिंबांचं एक पान, तेही तीन वर्षांच्या पोराला, ज्याची पेन्सिल अजून मुठीत. भेटायला गेलो तर "बाकीची मुलं लिहितात, तुमचाच मागे आहे" एवढंच उत्तर. बोटांत ताकद नाही तर आधी मळायला माती द्या, कागद फाडू द्या, असं एकानेही सांगितलं नाही. पुढे तो वही दिसली की पलंगाखाली जाऊन बसायचा. अक्षर यायला वेळ लागला नाही, वहीची भीती जायला लागला. पालकांना दाखवायला भरलेली पानं लागतात म्हणून हे चालतं, असं माझं स्पष्ट मत. चांगल्या बालवाड्याही असतील, आमच्या वाट्याला आली नाही.

म-भ च्या गोंधळाबद्दल: ही दोन अक्षरं एकत्र शिकवू नका. 'ग म भ न' हा क्रम वळणं गिरवायला उत्तम, कारण एकातून दुसरं निघतं. पण ओळखायला शिकणाऱ्या लहानग्याला नेमकं तेच नडतं. 'म' सोबत 'क' किंवा 'ट' घ्या. 'म' पक्का झाला की 'भ' आणा आणि डोक्यावरची रेघ दाखवा: 'म'ची अखंड, 'भ'ची तुटलेली. घ-ध लाही हीच खूण चालते.

जाता जाता: नेटवरून सरावपानं उतरवत असाल तर 'ल' आणि 'श' तपासून घ्या. बऱ्याच पानांवर हिंदी वळणाचे असतात, आणि राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आहे. आणि 'ण', 'ळ' ने शब्द सुरू होत नाही, तिथे वस्तू शोधायचा खेळ फसतो. बाण, माळ असे शेवटच्या आवाजाचे शब्द घ्या.

मी शिक्षक नाही की तज्ज्ञ नाही, दोन मुलांवरचा अनुभव आहे. पण हाका मारल्यावर ती वळत नसेल किंवा बोलणं घराबाहेरच्यांना कळत नसेल, तर हे सगळे खेळ बाजूला ठेवून आधी कान तपासून घ्या.